तिचा डबा

“अगं, इथे नको ठेवूस. वर ठेव, त्या कपाटावर.”

मॅडम हसून म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. हसण्याला काय देणार?

माझ्या हातात चार पुडांचा स्टीलचा डबा. खांद्याला पिशवी. पिशवीत पुरणाच्या पोळ्या, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेल्या. देऊळगाव राजावरून निघून, चिखलीला गाडी बदलून, बुलढाण्यापर्यंत मी तो डबा मांडीवर धरून आणला होता. भाजीचा रस्सा सांडेल म्हणून खाली ठेवला नाही. एसटीत शेजारची बाई म्हणाली, “काय वास सुटला वं बाई, लगन हाये का कुठी?” मी म्हटलं, “हाव, लगनच समजा.”

त्या दिवशी माझं पीएचडीचं शेवटचं सादरीकरण होतं. प्रबंध जमा करायच्या आधी समितीसमोर सगळं मांडावं लागतं. समितीनं मान हलवली, मार्गदर्शकानं सही केली, की प्रबंध पुढे जातो. नाहीतर बसा बोंबलत. मॅडम माझ्या मार्गदर्शक. शिक्षणशास्त्राच्या, त्यातही स्त्री-अभ्यासाच्या. पुण्याहून एक सर तज्ज्ञ म्हणून आले होते. विभागप्रमुख होते. आणि भारतीताई होत्या, माझ्यासारख्याच मॅडमकडे पीएचडी करणाऱ्या, चिखलीकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या.

पुण्याच्या सरांनी डब्याकडे पाहिलं. “अरे वा! घरचं जेवण वाटतं?”

“नाही नाही सर,” मॅडम म्हणाल्या, “ते तिचं आहे. तिचा डबा.”

सहा-सात माणसं पोटभर जेवतील एवढं अन्न. आणि म्हणे, तिचा डबा.

मग मॅडम भारतीताईंकडे वळल्या. “भारती, चौकातल्या हॉटेलात फोन कर गं. थाळ्या पाठवायला सांग. आणि गोडात काय आहे ते विचार.” माझ्यासमोर. मी अजून डबा हातात धरून उभी. भारतीताईंनी फोन काढला. नंबर शोधायला त्यांना फार वेळ लागला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी खुर्चीवर चढले आणि डबा कपाटावर ठेवला. तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, त्यांच्यावर धूळ होती. पोळ्यांची पिशवी त्या धुळीत ठेवताना माझा हात थांबला. मग ठेवली. अजून कुठे ठेवणार?

आता आमच्या विभागाची रीत सांगते, म्हणजे कळेल. ज्याचं सादरीकरण असेल त्यानं समितीला जेवू घालायचं. तेही हॉटेलचं नाही, घरचं. मॅडम अभिमानानं सांगत, “आमच्याकडे पाहुण्यांना बाहेरचं खाऊ घालत नाहीत.” कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण सगळे करतात. बाई संशोधक असली तर ती स्वतः रांधून आणते. पुरुष असला तर त्याची बायको रांधते आणि तो उचलून आणतो. स्त्री-पुरुष समानतेवर प्रबंध, आणि भाकरी बायकोच्या! मी मागे एकदा हे हसत हसत मॅडमना म्हटलं होतं. मॅडम म्हणाल्या, “अगं, त्यात प्रेम असतं.”

भारतीताईंच्या वेळी याच टेबलावर डबे उघडले होते. भरीत, कळण्याच्या भाकरी, मांडे. मॅडम बोटं चाटून म्हणाल्या होत्या, “भारती, तुझ्या सासूबाईंच्या हाताला चव आहे हो!” उष्टी ताटं मी उचलली होती. कुणी सांगितलं नव्हतं. उचलली.

म्हणून माझं सादरीकरण ठरलं तेव्हा मी डब्याचंच धरून चालले. माझ्यापेक्षा जास्त मायनं धरलं. माय माझ्याजवळच राहते. नवरा जालन्याला कारखान्यात, तो सुटीला येतो. मायनं आयुष्यभर लोकांच्या शेतात निंदण-खुरपण केलं. लोकांच्या बांधावर बसून, त्यांनी वरून टाकलेली भाकरी खाल्ली. तिला तर हे सणासारखं झालं. मी म्हटलं, “माय, एवढं कायले करून राह्यली?” तर म्हणते, “परीक्षा घ्याले आलेली माणसं उपाशी असली तं नापासच करतीन तुले!” वांगी स्वतः निवडून आणली. पुरण दोनदा वाटलं. पोळ्या एवढ्या पातळ की हातात धरली तर पलीकडचं दिसावं. मी डबा घेऊन निघाले तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, “पयले वाढजो, मंग बोलजो.”

मॅडमनी मला आधी सांगितलं नव्हतं, की तू आणू नकोस. का नाही सांगितलं, यावर मी नंतर खूप विचार केला. मला वाटतं, त्यांना सांगायची गरजच वाटली नाही. त्यांना वाटलं, हिला कळत असेल. विभागप्रमुखांना कळत होतं. भारतीताईंना कळत होतं. शिपायालाही कळत होतं, कारण मला डबा घेऊन येताना पाहून तो दारातून बाजूला झाला आणि आत डोकावून मॅडमच्या तोंडाकडे पाहायला लागला. ही रीत सगळ्यांसाठी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. चाळिशीला टेकलेली, बौद्धाच्या घरात जन्मलेली, या जिल्ह्यातल्या गावागावांत मुलाखती घेत फिरलेली, शिक्षणातल्या विषमतेवर प्रबंध लिहिणारी मी. आणि फक्त मलाच माहीत नव्हतं. याला काय म्हणावं, बाप्पा!

थाळ्या आल्या. मी वाढायला उठले.

“तू बस गं,” मॅडम म्हणाल्या. “भारती वाढेल. तू तुझ्या सादरीकरणाचं बघ. टेन्शन घेऊ नकोस.”

ऐकणाऱ्याला वाटेल, किती माया! पाण्याच्या जगालाही मला हात लावू दिला नाही. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. भिंतीपलीकडून चमच्यांचा आवाज येत होता. पुण्याचे सर म्हणत होते की पनीर जरा तिखट आहे. मला भूक लागली होती. लाज वाटत होती ती भुकेची, की कशाची, ते तेव्हा कळलं नाही.

आता प्रबंधाचं सांगते. माझा विषय, शाळेत मुलींना करावी लागणारी कामं. शिकायला येतात आणि काय काय करतात. मुलगे घंटा देतात, खुर्च्या हलवतात, सरांची गाडी पुसतात. मुली झाडतात, पाणी भरतात, रांगोळी काढतात, पाहुणे आले की ओवाळतात. इथपर्यंत मॅडम खूश होत्या. “छान लिहितेस,” म्हणायच्या. त्यांनी मला पुस्तकं दिली, परिषदांना नेलं, हे मी नाकारत नाही. महिला दिनाला त्या स्टेजवरून म्हणाल्या होत्या, “बाई ही जगात एकच जात आहे.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घोळ झाला तो पाचव्या प्रकरणात. शाळा-शाळांत बसून पाहता पाहता मला दिसलं की सगळ्या मुली सगळी कामं करत नाहीत. रांगोळी काढणाऱ्या मुली वेगळ्या. ओवाळणाऱ्या वेगळ्या. पाहुण्यांपुढे पाण्याचा ट्रे नेणाऱ्या वेगळ्या. आणि झाडणाऱ्या, संडासात पाणी टाकणाऱ्या वेगळ्या. आडनावं विचारायची गरज नव्हती. एक आठवीतली पोरगी मला म्हणाली, “मॅडम, मले रांगोळी लय चांगली येते. पण मले झाडालेच सांगतात.” मी लिहिता लिहिता थांबले. कारण मी पण तसल्याच शाळेतून आले होते. मलाही रांगोळी येत होती.

मॅडमनी ते प्रकरण वाचलं आणि म्हणाल्या, “हे काढ. तुझा विषय लिंगभाव आहे, जात नाही. दोन्ही आणलंस की फोकस हलतो.” मी म्हटलं, “मॅडम, त्या पोरीला दोन्ही एकदमच आहे.” त्या म्हणाल्या, “काढ म्हणतेय ना मी.” तेव्हापासून आमचं हेच चाललं होतं. त्या काढ म्हणायच्या, मी थोडं कमी करून परत न्यायचे. आणि खरं सांगते, थकले होते मी. बीएड कॉलेजात तासिकांवर शिकवते. पीएचडीशिवाय कायम करत नाहीत. किती वर्षं लटकून राहायचं? दगडाखाली हात होता. त्या दिवशी सकाळी एसटीत बसताना माझं जवळजवळ ठरलं होतं, की आज समितीनंही काढ म्हटलं तर काढून टाकू. जाऊ द्या, डिग्री तर मिळेल.

जेवणं झाली. बडीशेप झाली. मला बोलावलं.

मी मांडत गेले. पाचव्या प्रकरणापाशी पुण्याच्या सरांनी हात वर केला. “तुमचं निरीक्षण मान्य. पण कामं अशी वाटली जातात त्याचं कारण जात आहे, हे कशावरून? शाळेत तसं कुणी तोंडानं बोललं का?”

प्रश्न चांगला होता. संशोधनात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

“नाही सर,” मी म्हटलं. “तोंडानं कुणी बोललं नाही. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, ती पोरगी कामाला चपळ आहे म्हणून तिला सांगते.”

“मग?”

मॅडम मध्येच बोलल्या. “सर, मी तिला हेच सांगत होते. ते प्रकरण आपण वगळतोय. तिनं मान्य केलंय.”

मी मान्य केलेलं नव्हतं. ठरवत होते, पण तोंडानं अजून हो म्हटलं नव्हतं. माझं हो माझ्याआधी मॅडमनीच देऊन टाकलं. आणि तिथे, त्या टेबलापाशी उभी असताना, माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. तोंडानं कुणी बोलत नाही. बरोबर. कुठे बोलतात?

“सर,” मी म्हटलं, “तोंडानं कुणीच बोलत नाही. आज मलाही कुणी बोललं नाही.”

“म्हणजे?”

“या विभागात ज्याचं सादरीकरण असेल त्याच्या घरचं जेवण समिती जेवते. मागच्या वेळी भारतीताईंचा डबा याच टेबलावर उघडला. माझा डबा आला तेव्हा मॅडमनी हॉटेलात फोन करायला सांगितला. मला वाढू दिलं नाही. पाणी देऊ दिलं नाही. मला म्हणाल्या, तू बस, टेन्शन घेऊ नकोस. माझ्या मायनं केलेलं अन्न त्या कपाटावर आहे. आता तुम्हीच सांगा सर, याचं कारण काय लिहू मी? भारतीताई वाढायला चपळ आहेत, असं लिहू?”

माझा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. मी टेबलाची कड धरली होती.

कुणी कपाटाकडे पाहिलं नाही. मान वर केली तर डबा दिसेल म्हणून सगळे खाली पाहत होते. भारतीताईंचे डोळे भरले होते, पण त्या बोलल्या नाहीत. विभागप्रमुख खाकरले. आणि पुण्याचे सर, ज्यांच्याकडून मला थोडी आशा होती, त्यांनी घड्याळ पाहिलं. “हे बघा, हे वैयक्तिक होतंय. संशोधनात तटस्थ राहायला हवं. आणि मलाही पुढे निघायचंय.”

शेरा पडला. सुधारणा करून पुन्हा सादर करावे. पाचवे प्रकरण वगळावे.

सर आणि विभागप्रमुख गेल्यावर मॅडमनी मला थांबवलं. भारतीताई टेबल आवरत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “मी तुझ्यासाठी काय नाही केलं? मुलीसारखं वागवलं तुला. आणि तू चारचौघांत मला जातीयवादी ठरवलंस? एका डब्यावरून? इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून?”

“मॅडम, क्षुल्लक होतं तर खाल्लं का नाही?”

त्या रडायला लागल्या. खोटं रडत नव्हत्या, खरंच रडत होत्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांच्यावर अन्याय झाला. मला सवयीनं वाटलं, पाणी आणून द्यावं. उठले पण. मग मनात आलं, माझ्या हातचं चालेल का यांना? आणि मी बसले. पाणी भारतीताईंनी आणलं.

मी खुर्चीवर चढून डबा काढला, पिशवी झटकली आणि निघाले.

परतीच्या गाडीत गर्दी होती. कंडक्टर म्हणाला, “बोला ताई, हाफ का?” बायकांना तिकीट अर्धं असतं आता. मला हसू आलं. हो बाबा, हाफच. डबा तसाच मांडीवर, सकाळी होता तेवढाच जड. चिखलीच्या स्टँडवर एका बाकावर बसून मी दोन पोळ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. फार चांगल्या झाल्या होत्या. तिथे बसून मला रडू आलं, आणि मग रागही आला की ज्यांनी हे खाल्लं नाही त्यांच्यासाठी मी का रडतेय?

माय दारातच बसली होती. “जेवले का वं सगळे?”

मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं उचलून पाहिला. वजनावरून तिला कळलं. झाकण काढलं, भाजीत बोट बुडवून चाखलं.

“मीठ कमी पडलं का वं?”

माय वं! मला वाटलं जमीन फाटावी. हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. मीठ कमी पडलं, पोळ्या गार झाल्या, साहेब लोकांना घाई होती. अशी किती कारणं मी आजवर तिला दिली आहेत, आणि तिनं मला. पण मी म्हटलं, “मीठ बरोबर होतं माय. आपल्या घरचं होतं म्हणून नाही खाल्लं त्यायनं.”

तिनं झाकण लावलं. मग म्हणाली, “एवढ्या शिकेल बाया?”

“हाव.”

“आन् तू काय केलं?”

“बोलले. सगळ्याईसमोर बोलले.”

“मंग आता देतीन का तुले डिग्री?”

“माहीत नाही माय.”

“नसन देत तं नसन देत,” ती म्हणाली. पण मला डॉक्टर म्हणून हाक मारायची तिला फार हौस आहे. आजूबाजूच्या बायकांना सांगून ठेवलंय तिनं. मग उठली आणि शेजारपाजारच्या लेकरांना हाका मारून पोळ्या वाटून टाकल्या. एकही शिल्लक ठेवली नाही.

त्यानंतर सगळे मला समजावून राहिले. भारतीताईंचा फोन आला. “ताई, मला त्या दिवशी बोलायला हवं होतं. चुकलं माझं. पण आता ऐका, ते प्रकरण काढून टाका. हत्ती गेला, शेपूट राह्यलं. डिग्री हातात पडली की मग लिहा काय लिहायचं ते.” नवरा म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. आमच्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, जागा निघणार आहे, तेवढी पीएचडी आटपून घ्या मॅडम. सगळे माझ्या भल्याचंच सांगत होते. शेवटी मॅडमनी स्वतः बोलावलं. चहा मागवला, माझ्यासाठीही. कागदी कपात. त्यांच्या कपाला बशी होती. म्हणाल्या, “झालं गेलं विसरू. प्रकरण काढ, मी आजच सही करते. उन्हाळ्याच्या आत तू डॉक्टर होशील.”

खोटं का बोलू, मन हललं. घर दिसलं, माय दिसली, कायम नोकरीचा कागद दिसला. मग ती आठवीतली पोरगी दिसली. ते प्रकरण काढलं की तिला काढल्यासारखंच होतं. शाळेनं तिला झाडायला पाठवलं, आणि मी तिला प्रबंधाबाहेर पाठवायचं. मग मॅडममध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला?

“नाही काढणार मॅडम,” मी म्हटलं. “मला मार्गदर्शक बदलून हवाय.”

चहा तसाच ठेवून मी उठले.

आता चकरा चालू आहेत. विभागप्रमुख म्हणाले, “जागा कुणाकडेच रिकामी नाही. तुमच्याच लोकांपैकी कुणी मार्गदर्शक मिळतो का, पाहा.” मी म्हटलं, “विद्यापीठ माझंही आहे सर.” त्यांनी फाईल बाजूला सरकवली. दुसऱ्या एका मॅडमनी फोनवर हो म्हटलं आणि चार दिवसांनी नाही म्हटलं. मी कोण आहे ते आता सगळ्यांना कळलंय. भांडखोर बाई. वर्ष जाईल, कदाचित जास्त जाईल. जागा निघेल आणि दुसऱ्याला मिळेल. गुडघे दुखतात, एसटीचे धक्के सोसवत नाहीत. कुणी विचारलं की अजून झाली नाही का पीएचडी, तर पूर्वी मी मान खाली घालायचे. आता म्हणते, नाही होऊ दिली.

पाचवं प्रकरण मी पुन्हा उघडलंय. एक ओळही कमी करणार नाही. त्यातल्या शाळेतल्या पोरींची नावं मी बदललेली आहेत. लेकरं आहेत ती, त्यांना त्याच शाळेत बसायचंय. पण त्यात आता एक मुलाखत वाढतेय. एका पीएचडी करणाऱ्या बाईची. तिनं काय आणलं, कुणी काय म्हटलं, ते कुठे ठेवायला लावलं, कोण गप्प बसलं आणि कुणी घड्याळ पाहिलं, सगळं जसं झालं तसं. तटस्थपणे.

त्या बाईचं नाव मी बदलणार नाही.